दुसऱ्या गिअरची जागा

नॉरिस एडल्स्टनच्या गॅरेजचं दार उत्तरेकडे उघडतं, त्यामुळे आत ऊन येत नाही. आमच्या उतरत्या गल्लीतलं शेवटचं घर त्याचं. पुढे नुसती दगडी कुंपणं, मेंढ्या आणि वारा. गिरणीत त्याने फिटर म्हणून आयुष्य काढलं. गिरणीचे आता फ्लॅट झालेत, आणि यंत्रं गेल्यावर त्याच्या हातांना काही उरलं नाही, या गाडीखेरीज.

दोन माणसांची, बिनछपराची हिरवी गाडी. लग्नाच्या वर्षी घेतलेली, मग मुलीच्या जन्मानंतर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी गंजत पडलेली. बायकोला, बेरिलला, डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं, तेव्हा त्याने ती गाडी पुन्हा उभी करायला घेतली.

बेरिल त्याला ओळखत नाही. गेला की विचारते, "तुम्ही नळाचं बघायला आलात का?" एकदा त्याने खरंच बघितलं. वॉशर गेला होता.

गाडीत बसली तर तिला आठवेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तो हे कुणाला बोलला नाही, पण एवढ्या थंडीत एवढा गंज कुणी उगाच खरवडत नाही.

इंजिन झालं, रंग झाला. अडला तो त्याचा डावा खांदा. आखडलेला हात मागे जाईना. त्या गाडीत दुसरा गिअर टाकायचा तर दांडा डावीकडे नेऊन पार मागे ओढावा लागे, आणि क्रॅग टॉपचा चढ दुसऱ्याशिवाय चढत नाही. वृद्धाश्रम त्या चढापलीकडे.

जुन्या गाड्यांच्या क्लबातला त्याचा दोस्त बॅगशॉ एका शनिवारी पिशवी घेऊन आला.

"हे घे, म्हातारबा. आखूड गिअरचा जोड, दांडा थोडाच हलवावा लागतो. शर्यतवाल्या पोरांसाठी बनवतात."

"मला शर्यत नाही लावायची. क्रॅग टॉप चढायचाय."

"मग बसने जा की. पास फुकट मिळतो तुला."

"आणि बेरिलला काय बसमधून मेंढ्या दाखवू?"

बॅगशॉ हसला. "तिचा गुडघा वाचला म्हणायचा. केवढी ओरडायची!"

ओरडायचीच. जुना दांडा दुसऱ्यात ओढला की नॉरिसची बोटं तिच्या उजव्या गुडघ्यावर आपटत. "मेल्या, हाड मोडशील एक दिवस!" पुढे तीच सावध राहायला शिकली.

जोड त्याने एकट्याने बसवला. मधलं झाकण काढलं, गालिचा गुंडाळला, दांडा उपसला. ग्रीस डांबरासारखं काळं झालं होतं. दांडा एका गोल सांध्यावर झुलतो. नव्या जोडात तो सांधा वर सरकवलेला, म्हणजे वरचा भाग आखूड, खालचा लांब. हात थोडाच हलतो, खाली काम तेवढंच होतं. फक्त जोर जास्त लागतो. पहिल्यांदा बसवला तेव्हा खालचं टोक पत्र्याला घासू लागलं, म्हणून पत्रा कानशीने घासला. मग पुढे जाणाऱ्या सळईची लांबी चुकली आणि दुसऱ्याऐवजी दांडा भलत्याच खाचेत शिरला. पुन्हा सगळं उघडलं. रेडिओवर बाई समुद्राचं हवामान वाचत होती, एकेका भागाचं नाव घेऊन, कुठेच नसलेल्या माणसांना सांगितल्यासारखं.

शेवटी दुसरा पडला, नुसतं मनगट वळवून. खट्. खांद्याला कळलंही नाही.

एप्रिलातल्या रविवारी तो वृद्धाश्रमाच्या दारात उभा राहिला. जॉसलिन नावाच्या परिचारिकेने बेरिलला स्कार्फ गुंडाळला, गाडीत अलगद बसवलं. "जेवणाआधी परत आणा हं स्वारीला. आज पुडिंग आहे, ते चुकलं तर माझं डोकं खाईल."

"नळवाले ना तुम्ही?" गाडी निघाल्यावर बेरिल म्हणाली.

"आज सुट्टी आहे."

"छान गाडी आहे. कुणाची?"

"आपली."

"असं का," ती सभ्यपणे म्हणाली आणि कुंपणांकडे बघू लागली.

त्याने गाडी मुद्दाम क्रॅग टॉपच्या पायथ्याशी नेली आणि चढाला घातली. वळणाआधी इंजिनाचा आवाज जड झाला, खाली आला. तेव्हा, कुंपणांवरची नजर न काढता, बेरिलने दोन्ही गुडघे दाराकडे वळवले.

त्याच्या हाताला जागा करून दिली.

त्याचं मनगट वळलं. खट्. गाडी चढू लागली. दांडा आणि तिचे गुडघे यांच्यामध्ये वीतभर जागा तशीच मोकळी राहिली.

वळण गेलं. मग तिने खाली, त्याच्या हाताकडे पाहिलं.

"टाकला?"

"टाकला."

"कळलंच नाही," बेरिल म्हणाली. माथ्यापर्यंत तिने गुडघे सरळ केले नाहीत.

परत सोडताना तिने त्याला नळाबद्दल धन्यवाद दिले.

दुसऱ्या दिवशी बॅगशॉ आला तर झाकण पुन्हा उघडलेलं, नवा जोड चिंध्यांवर काढून ठेवलेला, आणि नॉरिस जुन्या दांड्याला ग्रीस लावत होता.

"अरे गाढवा! पत्रासुद्धा घासलास आणि आता काढतोस? बिघडलं काय?"

"काही नाही बिघडलं."

"मग खांद्याचं काय?"

"ती जागा करते रे," नॉरिस म्हणाला. "आणि माझा हातच जात नाही तिथे."

बॅगशॉ शेजारी वाकला. त्याने सांध्याची टोपी दाबून धरली, म्हणजे नॉरिसला एका हाताने बोल्ट आवळता येतील.

जुना दांडा बसला त्याला आता बरेच दिवस झाले. नॉरिस रविवारी बसने जातो. सकाळी त्याच्या गॅरेजवरून गेलं की दार अर्धवट लोटलेलं असतं, इंजिन बंद असतं. आत तो उभ्या गाडीत बसून शेजारच्या रिकाम्या सीटकडे दांडा ओढत असतो. अर्ध्यावर खांदा अडतो, हात थांबतो. थोड्या वेळाने पुन्हा ओढल्याचा आवाज येतो.

अजून त्याचा हात तिच्या गुडघ्याच्या जागेपर्यंत पोचलेला नाही.