कच्च्या चिकूचं कालवण

मी मंगळवेढ्याकडची. आमच्याकडं बाईनं एका बांधावरून हाक मारली की चौथ्या शेतातला बैल वळून बघतो. माझ्या लग्नात सनईवाला मधेच वाजवायचा थांबला आणि म्हणाला, "वरचा सूर कोण लावतंय?" मी सूर लावत नव्हते, करवलीला पदर सावर म्हणून सांगत होते. अशी बाई डहाणूला आली आणि मुकी झाली, यावर माझ्या माहेरी अजून कुणाचा विश्वास नाही. आई तर म्हणते, "जावयाचं नशीब म्हणायचं."

ह्यांना तलासरीजवळच्या आश्रमशाळेत गणिताच्या मास्तरची नोकरी लागली. एस.टी.नं आम्हाला चारोटीला हायवेवर उतरवलं. दोन ट्रंका, ज्वारीचं पोतं आणि कडेवर पेंगुळलेली लेक. डहाणूत घर मिळालं ते चिकूच्या वाडीत, वाडीवाल्या मालकीणबाईंच्या घरामागं. त्यांना सगळे मासी म्हणतात. मासी गुजराती बोलतात, मराठी बोलतात, आणि रागावल्या की दोन्ही एकदम बोलतात.

आल्या आल्याच मासींनी टोपलीभर चिकू पाठवले. लांब काठीला जाळी लावून नुकतेच उतरवलेले, धुतलेले, लखलखीत. आणि दगडासारखे! असा एखादा भिरकावला तर गुजरातच्या हद्दीत कुणाचं तरी कपाळ फुटावं. आमच्याकडं चिकू येतो तो हातगाडीवर, पिकलेला. झाडावरचा चिकू घरात ठेवून पिकवावा लागतो, हे मला कोण सांगणार? मी विचार केला, कच्च्या फणसाची भाजी होते, कच्च्या केळ्याची होते, कच्च्या पपईची होते. इथल्या बायका कच्च्या चिकूची करत असणार. काळा मसाला घातला, दाण्याचं कूट घातलं, लसणाची कडक फोडणी दिली. वास असा सुटला की मला माझाच अभिमान वाटला.

ह्यांनी जेवताना कधी ताटाकडं बघितलेलं नाही. गणिताची माणसं ताटात बघत नाहीत. दोन घास खाल्ले, तिसरा उचलला आणि डोळे मोठे केले. कच्च्या चिकूत चीक असतो. ह्यांचे ओठ असे बसले की पोस्टातलं पाकीट लाजावं.

मासी धावत आल्या. "अरे बेन! काचा चिकू कोण रांधते? हा माणूस आहे की खोका, चिकटवून टाकला!" त्यांनी खोबरेल तेल चोळलं आणि मास्तर सुटले. पहिला शब्द काय आला असेल? "मीठ कमी होतं."

मासी महिनाभर हसल्या. कैनाडहून येणारी भाजीवाली हसली. मी "लई म्हाग लावलंयस की गं बया" म्हटलं, की ती आणखी हसायची आणि मुठीनं कोथिंबीर जास्त घालायची. मला त्याचं काही वाटलं नाही. पण लेक सहावीत गेली आणि एक दिवस म्हणाली, "आई, शाळेत येशील तेव्हा नुसती मान हलव. बोलू नको. मुली तुझी नक्कल करतात."

मी मान हलवली. बाजारात हलवली, शाळेत हलवली, शेजारच्या बारशाला हलवली. मान इतकी सैल झाली की चुलीपुढं बसून मला पाठीमागचं मांजर दिसायचं. घरात लेकीशीसुद्धा मी शब्द तोलून बोलायला लागले. 'न्हाई' गिळायचं, 'नाही' म्हणायचं. दिवसाकाठी इतकं गिळल्यावर जेवण कुठलं जातंय?

मग एका दुपारी मी फोनवर ज्वारीचं पीठ शोधत होते, तर कुण्या बाईचा ब्लॉग निघाला. एका थालीपिठावर तिनं इतकं लिहिलं होतं की वाचेस्तोवर थालीपीठ शिळं व्हावं! म्हटलं, हिला कुणी मान हलव म्हणत नाही वाटतं? त्याच दुपारी मी माझा ब्लॉग उघडला. नाव दिलं 'तोंड उघडलं'. एका हातानं आमटी ढवळली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं लिहिलं. लिहिलं ते मंगळवेढ्याच्या भाषेत, जसं तोंडात येतं तसं. पहिलंच कच्च्या चिकूचं कालवण. आता खरं तेवढंच लिहायचं तर मग लिहायचं कशाला? मी लिहिलं, मास्तरचं तोंड दिवस मावळेस्तोवर उघडलं न्हाई, दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी टाळ्या वाजवून घेतली, आणि पाढे हातवाऱ्यांनी शिकवले.

बायांनी उत्तरांचा पाऊस पाडला! बार्शीची एक सुरतेत दिलेली, तिनं लिहिलं, "अगं माझे, किती वर्षांनी 'न्हाई' वाचलं." दुबईतल्या एकीनं खजुराच्या बियांची उसळ शिजवली होती, तिचा कुकर अजून उघडत नाही म्हणे. मला सोडून आणखी कुणी खोटं बोलतंय हे बघून इतका आनंद झाला की मी मासींना मिठी मारली. मासींनी स्वतःबद्दलचं वाचून घेतलं आणि ठणकावलं, "मला अजून थोडी गोरी लिहायची होती!"

मग शाळेतून लेकीच्या मोठ्या बाईंचा फोन आला. "आयांच्या मेळाव्यात तुम्ही बोला. ते चिकूचं सांगा. तुमच्याच भाषेत."

लेकीचा चेहरा बघवेना. "आई, सगळ्या मैत्रिणी असणारेत. बोलायचंच असेल तर चांगल्या मराठीत लिहून ने. प्लीज."

मी लिहून नेलं. लेकीपुढं कसला आलाय ब्लॉग? शाळेचं सभागृह भरलेलं. वाणगाव, रानशेत, कुठून कुठून बायका आलेल्या. पहिल्या रांगेत हे आणि मासी, मागं लेक मैत्रिणींत मान खाली घालून. मी माइकपुढं उभी राहिले आणि वाचायला लागले, "उपस्थित सर्व माता-भगिनींना माझा सविनय नमस्कार..." माझा आवाज असा निघाला, जसा ओल्या वातीचा उजेड.

शेवटच्या रांगेतून एक बाई ओरडली, "ताई, ऐकू नाय येत! जेवली नाय का?"

माझ्या अंगात मंगळवेढा शिरला. कागद ठेवला. "जेवले की गं माय! पर ज्यानं माझ्या हातचं खाल्लं त्यालाच इचार, तोंड उघडतंय का!" आणि सुटले. कालवण सांगितलं, फोडणी सांगितली, पाकीट सांगितलं, दिवस मावळेस्तोवर मिटलेलं तोंड सांगितलं. सभागृह असं हसलं की पंखे उलटे फिरले. मासी स्वतःच्या वाक्याला स्वतःच टाळ्या देत होत्या. फक्त एक मान खालीच होती, तेवढी मला दिसत होती.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अहो, पण मास्तर इथेच बसलेत! सर, खरंच दिवस मावळेपर्यंत तोंड उघडलं नव्हतं?"

हे उठले. जन्मात खोटं न बोललेला माणूस. चष्मा सारखा करून म्हणाले, "नाही. वीसेक मिनिटं असतील."

सभागृह गार. कढईत पाण्याचा हबका मारावा तसं. बायका माझ्याकडं बघायला लागल्या, कागद कुठं ठेवला तो सापडेना.

आणि मागून आवाज आला. चौथ्या शेतात ऐकू जाईल असा.

"वीस मिन्टं कुठली ओ बाबा? दुसऱ्या दिवशी दुपारपस्तोर तुमी हातवारंच करत हुता की!"

लेक उभी होती. कान लाल, हात कमरेवर. तिच्या मैत्रिणी तोंडाचा आ करून बघत होत्या, आणि एकीनं तिची ओढणी ओढली, "ए, अजून बोल ना तसं!"

हे तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. "असेल," म्हणाले आणि बसले.

"असेल न्हवं, हाय!" लेक म्हणाली. "आन् तिसऱ्या दिवशी तर तोंडातला चिकू पिकला, वाडीतल्या माश्या यायच्या ओ, गोड वासानं! बाबा वर्गात, आन् माश्या रांगेनं दारात!"

हे मी कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिनं तिथल्या तिथं रचलं होतं. मी स्टेजवरून खाली उतरले आणि पुढं काय झालं ते ऐकायला मासींच्या शेजारी जाऊन बसले.