माझ्या हट्टाने आज एका पोराचा दम तुटला

मंडळी, मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि नात सायली टाईप करते. आज तिला सांगताना मात्र लाज वाटतेय.

दुपारी देवळासमोर कबड्डीची फायनल होती. सायली परवानगी काढून मैदानाच्या कडेने ड्रोन उडवत होती. तिच्या मोबाईलवर मला खेळाडू मुंग्यांएवढे दिसत होते.

"गो, जरा खाली घे. माका पोरांची तोंडां दिसाक व्हयी."

"आजये, माणसांच्या डोक्यार ड्रोन न्हेवचो नसता."

"माका नियम शिकवतंस? तुझो ड्रोन काय डोक्यार अंडी घालतलो?"

शेवटी तिने नेला. त्याच्या वाऱ्याने लाल माती उडाली ती थेट चढाई करणाऱ्या पोराच्या डोळ्यांत. 'कबड्डी कबड्डी' म्हणता म्हणता त्याला ठसका लागला, दम तुटला, तो बाद झाला. त्याची वाडी एका गुणाने हरली.

पंचांनी सायलीला सगळ्यांसमोर झापलं. तिने माझं नाव घेतलं नाही. आणि एरवी गावाला बोलू न देणारी मी, सुपारी चघळत गप्प बसले.

आत्तासुद्धा ती म्हणतेय, "आजये, ह्यां नको टाकूया."

टाक गो.

उद्या त्या पोराच्या दारात जाणार आहे. पण तुम्हीच सांगा, पहिली माफी त्याची मागू, की हे टाईप करणारीची?