शेजाऱ्याचं पाणी

आमच्या कॉलनीत परत ठरलंय की उमेदवार आला की प्रश्न मीच विचारायचा. "मागच्या वेळी सभा गाजवली होती तुम्ही," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे आमच्या सोसायटीचे, फोरमन म्हणून रिटायर झालेले. मी मान हलवली. ऑफिसातही मी मान हलवण्यासाठीच ओळखला जातो. पण मागच्या वेळी मी नेमकं काय गाजवलं, ते एकदा लिहून टाकलेलं बरं.

आमची कॉलनी भिलाईत, मरोद्याच्या पुढे. तीन मजली इमारती, लोक बहुतेक पोलाद कारखान्यातले, मूळचे भंडारा-गोंदियाकडचे. पाण्याची पाइपलाइन आमच्या कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत आली आणि तिथे तिला वैराग्य आलं. तेव्हापासून टँकर. वरच्या माळ्यावर माझ्या दारासमोर एक काकू एकट्या राहतात. नवरा कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीला होता, तो गेला, मुलगा पुण्यात. टँकरचा हॉर्न वाजला की काकू कॅन घेऊन उतरतात आणि चढताना प्रत्येक वळणावर कॅन टेकवून गुडघ्यांना शिव्या देतात. मी हात पुढे केला तर म्हणत, "राहू दे बाबू, तुले ड्युटीले उशीर होते." आणि मी राहू देत असे. आमच्यात ऐकण्याची पद्धत आहे, विशेषतः सोयीचं असलं की.

ती निवडणूक दिल्लीच्या लोकसभेची होती, पण लढली जात होती सीमेवर. शेजारच्या देशाशी तेव्हा फारच बिनसलं होतं. भिलाईपासून सीमा किती लांब आहे हे कोणाला सांगता आलं नसतं, पण टपरीवर रोज युद्ध व्हायचं. अध्यक्षांना नोकरीत असताना शिफ्टचा रोस्टर कधी धड लावता आला नाही. आता ते चहाच्या ट्रेवर बिस्किटांचे रणगाडे सरकवून शत्रूची राजधानी घ्यायचे. एकदा एक रणगाडा चहात विरघळला. त्याला शहीद घोषित करून दुसरा पुडा मागवण्यात आला. नाल्यांचं, दवाखान्याचं, ठेक्यावरच्या पोरांच्या पगाराचं कोणी काढलं की सगळे त्याच्याकडे असे बघत, जणू तो पलीकडून पगार घेतो.

तशात उमेदवाराची सभा आमच्या मैदानात ठरली. काकूंनी सगळ्या बायकांना गोळा करून सांगितलं, पाण्याचं विचारायचं, आणि विचारायचं मी. कारण मला साहेबी हिंदी येते. सभेच्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्यासाठी बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला.

"खाय. उपाशी पोटी आवाज निघत नाही."

मी जेवता जेवता भाषण म्हणून दाखवलं, सविनय निवेदनापासून.

"बाप्पा! इतकं ऐकाले तो थांबन का? एवढंच विचारजो, पाणी कधी येईन. आन् बस खाली."

"काकू, नेत्यासमोर जरा रीतीनं..."

"रीत मायाकडं लय आहे. पाणी नाही."

सभेत काकू पुढच्याच रांगेत बसल्या होत्या, ठेवणीतल्या लुगड्यात. उमेदवारानं आमच्या गावाचं नावही घेतलं नाही, तो थेट सीमेवर पोचला आणि गरजला, "उनका पानी बंद कर देंगे! एक बूंद नहीं देंगे!" मैदान उठून उभं राहिलं. ज्यांच्या घरात तोंड धुवायला पाणी नव्हतं, ते दुसऱ्याचं तोडायला मिळतंय म्हणून टाळ्या पिटत होते.

मग प्रश्न. माझ्याआधी एका माणसानं ठेक्याच्या पगाराचं विचारलं. माइकवाला हसून म्हणाला, "भाईसाहब, जवान बॉर्डर पर खड़ा है और आपको ठेके की पड़ी है?" सगळे हसले. तो माणूस बसला. मागून कोणीतरी त्याला पलीकडच्या देशाचं तिकीट काढून द्यायचीही तयारी दाखवली.

माइक माझ्या हातात आला. काकूंनी मागे वळून डोळ्यांनी म्हटलं, चल. मी सुरुवात बरोबर केली होती. "साहब, पानी कब..." इथपर्यंत माझी जीभ आमच्या कॉलनीची होती. पुढे ती कुठे गेली कोणास ठाऊक. "...कब बंद होगा उनका? हमसे अब रुका नहीं जाता!"

काय टाळ्या पडल्या! उमेदवार स्टेजवरून उतरला, स्वतःच्या गळ्यातला हार त्यानं माझ्या गळ्यात घातला. अध्यक्षांनी पाठीवर अशी थाप मारली की रस्सा वर आला.

मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो की मी घाबरलो. नोकरदार माणूस, उगाच कोणाच्या डोळ्यावर कशाला यायचं, वगैरे. ते खोटं आहे. भीती वाटली असती तर मी गप्प बसलो असतो. गप्प बसण्याचा मला चांगला सराव आहे. मला टाळी पाहिजे होती. आयुष्यात माझ्या वाक्याला कोणी कधी टाळी दिली नव्हती, आणि तिथे ती फुकट वाटत होते.

उमेदवार निवडून आला. पाइप पिंपळाखालीच राहिली. त्या उन्हाळ्यात एकदा काकू मधल्या माळ्यावर पायरीवर बसलेल्या दिसल्या, शेजारी कॅन, गुडघा सुजून नारळाएवढा. मी कॅन उचलली, आणि या वेळी त्यांनी 'राहू दे' म्हटलं नाही. त्यानंच माझा धीर सुटला.

"काकू, त्या सभेत मी चुकलो. पाण्याचं विचारायचं होतं."

"विचारलं ना तू. कावून असा बोलून राहिला?"

"आपल्या पाण्याचं नाही विचारलं."

एखाद्या मंद पोराला समजवावं तशा त्या म्हणाल्या, "अरे, पहिले त्यायचं बंद करतीन, तवाच तं ते इकडं वळवतीन ना! मी समद्या बायायले सांगून ठेवलं, बाबूनं बरोबर विचारलं म्हणून. इतक्या दुरून पाइप आणाची म्हणजे टाइम तं लागनच."

कॅन माझ्या हातात होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो काकू," मी म्हणालो. "टाइम तर लागतोच."