अंगठ्याखालची तीन गावं

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यात अण्णांनी घर घ्यायचं ठरवलं. दीड वर्षानं ते निवृत्त होणार, मग कंपनीचं क्वार्टर सोडावं लागणार. एका रविवारी तीन जागा बघायच्या आणि संध्याकाळी एक पक्की करायची, असा बेत होता. मी पिशवीत भूकंपाचा नकाशा घेतला, पुस्तकातून ट्रेसिंग पेपरवर काढलेला, धोक्याप्रमाणे देशाचे एक ते पाच झोन दाखवणारा. त्याची गरज घरात फक्त मलाच वाटत होती.

अण्णा आणि मी कल्याणहून स्कूटरनं निघालो. पहिला थांबा उल्हासनगर, कॅम्प चार, कापडदुकानावरचा ब्लॉक. हातगाड्या इतक्या की शेवटी स्कूटर ढकलतच नेली. पाच रुपयांचं दालपकवान मात्र चुकवू नका. आम्ही दोनदा घेतलं. जागा दाखवणाऱ्या सिंधी काकांना मी विचारलं, "हे झोन तीनमध्ये येतं ना?"

"तीन नंबर तो पीछे रह गया, बेटी. ये चार नंबर है."

त्यांना वाटलं, मी कॅम्प विचारतेय. जिना इतका अरुंद होता की अण्णांनीच नकाराची मान हलवली.

अंबरनाथपासून पालेगावचा रस्ता कच्चा. मागे बसणाऱ्यानं उशी न्यावी. एजंट प्लॉटवर उभाच होता.

"झोन कुठला?" मी विचारलं.

"ताई, एकदम यलो झोन! ग्रीनचं टेन्शनच नाय."

त्याचा झोन म्हणजे जमीन राहायची की शेतीची. बांधावर गवत कापणारी एक म्हातारी हसली. "दोन वर्सांमागं इथंच गुडघाभर चिखलात लावनी केली मी. वर मुरूम टाकलाय नुसता."

"मावशी, तुमचं गवत कापा ना!" एजंट खेकसला.

मी घाईनं नकाशा उघडला. पालेगाव वाईट आणि पुढची जागा, बदलापूर, चांगली, असं काहीतरी त्यात दिसेलच की. चौथीपर्यंत मला अण्णांनीच घरी शिकवलं होतं, त्याच आवाजात ते म्हणाले, "मंजू, प्रमाण वाचलंस?"

वाचलं. तिन्ही गावं माझ्या एका अंगठ्याखाली होती, ठाण्यासकट. सगळी झोन तीन. म्हातारीचा चिखल त्यात कुठून दिसणार? आणि किल्लारी तर सगळ्यात निर्धास्त पट्ट्यात होती.

"बघा, सगळं सेम!" एजंट खूश झाला. मी रडायचीच बाकी होते. पण भरावावर अण्णांनाही बांधायचं नव्हतं.

बदलापूरला इमारतीचे खांब अजून अर्धेच उभे होते. तिथल्या इंजिनिअरला मी हळूच तोच प्रश्न विचारला. तो थबकला.

"भूकंपाचा झोन? ताई, तुम्ही पहिल्याच. लोक पाणी किती वाजता येतं ते विचारतात."

त्यानं ड्रॉइंग पसरलं. कोपऱ्यात लिहिलं होतं, भूकंप क्षेत्र तीन. "धक्का किती धरायचा, ते आम्ही नकाशावरून घेतो. खाली काय आहे ते खणूनच कळतं." पायाच्या एका अजून न बुजवलेल्या खड्ड्यात काळा खडक दिसत होता. मग त्यानं खांबाचा सांगाडा दाखवला. धक्क्यात खांब आधी फुटतो तो तुळईजवळ, म्हणून तिथे लोखंडी रिंगा दाट बांधलेल्या.

"मोजू?"

"मोजा की!"

मी तीनदा मोजल्या. अण्णा विटांवर बसून म्हणाले, "झालं का? भूक लागलीय."

घरी आईनं विचारलं, "मग धोका कुठे कमी?"

"नकाशात तिन्हीकडे सारखाच," अण्णा म्हणाले.

"मग दिवसभर केलंत काय?"

"हिनं खांबात डोकं घातलं. उद्या बदलापूरला विसार देतोय."

तुम्ही जागा बघायला निघालात तर गिलावा व्हायच्या आत जा. आधी तिथे काय पिकत होतं, हे शेजारच्या शेतावर विचारा.

राहायला गेल्यावर एका दुपारी भांडी किणकिणली. सगळी बिल्डिंग जिन्यात. शेजारच्या काकू ओरडल्या, "मंजू, टिकेल ना गं?"

"खांब मी स्वतः पाहिलेत, काकू," मी म्हणाले, आणि त्यांच्याआधी खाली पोचले.