वारुळाचं घर

आमच्या गल्लीत तेव्हा एकच घर बंद होतं, आणि माझ्या बायकोचा जीव नेमका त्याच्यात अडकला होता.

लढाई संपल्यावर मी पलटणीतून सुटून शिराळ्याजवळच्या आमच्या गावी आलो. थोरल्या भावाच्या घरात आम्हा दोघांना सोप्याची एक बाजू मिळाली. चूल मात्र एकच, ती थोरल्या जावेची. तिचं सगळं उरकल्यावर माझ्या बायकोनं भाकरी थापायची. एकदा जाऊ म्हणाली, "राख तरी काढत जा गं, आयती चूल मिळतीया." त्या दिवशी बायको जेवली नाही. समोरच्या कुलपाकडं बघत मला म्हणाली, "मला दुसरं काय नगं. माझी चूल पायजे. त्ये घर इचारा की."

घर एका विधवा काकीचं. नवरा गेल्यावर तिला एकुलत्या भावाचा आधार होता. तो लढाईवर गेला तो आलाच नाही. मग काकी कुलूप घालून सांगलीला लेकीकडं राहायला गेली.

मी आधी घर बघून घेतलं. मागची भिंत बसली होती, तिथून आत शिरलो. आढं वाकलेलं, कौलं निम्मी गेलेली, आणि स्वयंपाकघरात चुलीच्या जागी कमरेएवढं वारूळ. पंचमीला गल्लीतल्या बायका त्याच वाटेनं आत येऊन ते पुजत होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. मी कुठं होतो गावात?

सांगलीला गेलो. काकी लेकीच्या दारात वाकळ शिवत बसली होती. मी बैलबाजारात बोलतात तसं बोलायला लागलो. घ्यायच्या मालाला नावं ठेवायची, म्हणजे भाव उतरतो.

"काकी, घरात काय राहिलं न्हाई बगा. भिंत बसली. आढं कवा पडंल सांगता येत न्हाई."

"व्हय रं बाबा. कोण हाय तितं बघायला? घेतोस तर घे."

इथं गप्प बसायचं होतं. मी बसलो नाही.

"आन चुलीवर तर ह्ये एवढं वारूळ चढलंय! कुदळीनं काढाय लागंल."

तिची सुई थांबली. "वारूळ? माज्या चुलीवर?"

"कमरंएवढं."

काकीनं पदर डोळ्याला लावला. "आरं, भाऊ आलाय रं माजा घरी. आन त्येच्यावर कुदळ घालतोस? मला घर इकायचं न्हाई. ऊठ."

आमच्याकडं बाया नागाला भाऊ मानतात, पंचमीचा उपास भावासाठी धरतात. मी ह्याच मातीतला, पण सौद्याच्या नादात विसरलो.

घरी येऊन सांगितलं तर बायको कपाळाला हात लावून बसली. "आवं, तोंड हाय का तोफ? वारुळाचं कशाला काढलंसा? मी पुजते की त्ये."

पुढची पंचमी आली. त्या दिवशी आमच्यात तवा चढत नाही, विळीला हात लागत नाही. तिनं वारूळ पुजलं, लाह्या आणि चिमूटभर माती फडक्यात बांधली आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन सांगलीला निघाली. वाटेत बजावलं, "तुमी तोंड उघडू नगा."

काकीपुढं फडकं सोडून म्हणाली, "तुमच्या भावाकडनं आलीया मी."

काकीनं माती कपाळाला लावली. दोघी किती तरी वेळ बोलत बसल्या, पण घराचा विषय नाही. आम्ही उठलो तेव्हा काकीनंच विचारलं, "तू कुणाच्या चुलीवर करतीस गं?"

बायको खाली मान घालून म्हणाली, "जावंच्या."

काकी आत जाऊन किल्ली घेऊन आली. "त्येला उठवू नगंस. तुजी चूल दुसरीकडं मांड. आन मोलाचं मी तुज्यासंगं बोलीन, ह्यो तर वारुळाचं बी मोल करंल."

मी भिंत उचलली, कौलं घातली. बायकोनं सोप्यात चूल मांडली. पावसात पश्चिमेकडून झड आत यायची, ती पोतं लावून भाकरी करायची. मी म्हणायचो, मागं चुलीसाठी एक खण काढू. ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. हितनं रस्ता दिसतो. तुमी येताना दिसता, मग भाकर टाकते."

जन्मभर मला गरम भाकरी मिळाली ती अशी.

दोन वर्षांमागं मार्गशीर्षात ती गेली. भाकरी आता पुतण्याच्या घरून येते, गार. पंचमीला लाह्या घेऊन मीच वारुळाशी जातो. गल्लीतल्या सुना हसतात. "आजोबा, तुमाला कशाला पायजे भाऊ?" मी म्हणतो, "मेव्हणा हाय माजा."

आता हे घर मलाच विचारायला येतात. परवा मलकापूरचा एक आला. आढं बुटकं म्हणाला, भिंती ओल्या म्हणाला, आत वारूळ म्हणाला. मी त्याला चहा पाजून वाटेला लावला.

सकाळी चूल मीच पेटवतो, चहापुरती. तिच्या जागेवर बसतो. तिथून खरंच सगळा रस्ता दिसतो, पार ओढ्यापर्यंत.