हातावरची आच

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात माझ्या अर्जलेखनाच्या टेबलाशेजारी टिक्का भाजायच्या ग्रिल दुरुस्त करणारा एक मिस्त्री बसतो. "पक्का जी, पुढे!" म्हणत तो कोणाचेही वाक्य तोडतो, माझी सुरचित वाक्येही त्यातून सुटलेली नाहीत.

परवा एक विधवा पतीची जुनी, लाकडी पेलेटवर, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर, चालणारी ग्रिल घेऊन आली. आच टिकेना, टिक्का कच्चा राही, तिच्या गाडीचे गिऱ्हाईक तुटत चालले होते. मिस्त्रीने आच कायम राखणारा नवा कंट्रोलर बसवला.

"डिग्री किती ठेवू?"

"आकडा त्यांनाच ठाऊक होता. मी नुसता वर हात धरून ओळखायचे."

"मग धरा, बीबीजी. जुळली की सांगा. तीच कायम करतो."

तिने तळहात धरला. आच हळूहळू चढली.

"हीच," ती म्हणाली. पण हात काढला नाही.

मागे दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइके खोळंबली होती. मिस्त्री बटणावर बोट ठेवून निमूट उभा राहिला.