साडेनऊ सेकंद

मी घर सोडलं त्या सकाळी दादानं वडापची जीप माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. एरवी केडगाव ते चौफुला या मार्गावर त्या जीपमध्ये चौदा-चौदा माणसं कोंबलेली असायची. दोघंतिघं मागं लोंबकळायची आणि दादा स्वतःच्याच सीटवर पाहुण्यासारखा अंग चोरून बसून गाडी हाकायचा. त्या दिवशी मात्र आम्ही चौघंच. आई मागं बसून माझ्या बॅगेची चेन उघडून बघायची, लावायची, परत उघडायची. चौफुल्याला शिरूरची एसटी लागलेली होती. आबांनी, म्हणजे वडिलांनी, कनवटीची पुडी सोडली आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला. आमच्या घरात भंडाऱ्याशिवाय कुणी शिवेबाहेर जात नाही. आजोबांच्या काळात मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचे तेव्हापासूनची ती रीत.

दादानं खिशातून स्टॉपवॉच काढून माझ्या हातात ठेवलं. "ने. तिथं बी गाड्याच पळवायच्या हायत तुला."

हे मी गावाकडच्या तुम्हा लोकांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखी बॅग उचलून बाहेर पडलेल्यांसाठीही. तुम्हाला गाव सुटल्याचं दुःख असेल. माझं थोडं वेगळं आहे. मला गावानं नाही, घरानं सोडलं.

ते स्टॉपवॉच घाटातलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. आमच्या भीमेच्या दोन्ही काठांवरच्या तालुक्यांत जत्रेला बैलगाडे पळतात. चढाच्या मातीच्या वाटेला घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा सुटतो आणि वरच्या निशाणापर्यंत किती सेकंदांत पोचला, यावर नंबर ठरतो. सरावात गाडा किती सेकंदांत गेला हे मात्र कुणी खरं सांगत नाही. तेरा लागले तर पंधरा सांगायचे, म्हणजे समोरचा गाफील राहतो. यात कुणाला पाप वाटत नाही, उलट न करणाऱ्याला येडा म्हणतात. आबांचा फक्त एक नियम होता. "भाईर काय बी सांगा. घरात सेकंद खरा सांगायचा." सरावाला मी घड्याळ धरायचो आणि दादा गाडा हाकायचा. वरून पळत येऊन तो पहिला प्रश्न तोच विचारायचा, "किती?" मी त्याला कधी अर्धा सेकंदसुद्धा खोटा सांगितला नाही.

न्हावऱ्याला एसटी बदलून मी शिक्रापूरला उतरलो. पत्र्याच्या खोलीत आम्ही पाच जण, दोन बिहारचे, एक बीडचा, एक लातूरचा. दोन शिफ्ट मिळून तीन गाद्या. ट्रकांच्या आवाजानं पहिले आठ दिवस झोप आली नाही, नवव्या दिवसापासून आवाज बंद पडला की जाग यायला लागली. महिन्याभरात मी "क्या रे भाई" म्हणायला शिकलो, "लंच", "ओटी" आणि "गेटपास" हे शब्द आबांसमोरही तोंडातून जायला लागले. आई म्हणायची, "ह्यो आता आपल्यात बोलतोय का साहेबात?"

कंपनीचं नाव लिहीत नाही. मोटारी बनवायची. मी ट्रेनी होतो. दोन वर्षं काढली की पर्मनंट, आणि पर्मनंट म्हणजे सगळंच. पाटसकडची एक मुलगी घरच्यांनी बघून ठेवली होती. तिच्या मामानं शिक्षण विचारलं नाही, जमीन विचारली नाही, पहिलं विचारलं, "पर्मनंट हाय का?" आबा म्हणाले, "व्हनार. सा म्हैने ऱ्हायल्यात." मुलीकडचे म्हणाले, मग सहा महिन्यांनी बोलू.

त्याच सहा महिन्यांत ती गाडी आली. आमची छोटी गाडी बाजारात होतीच, घरटी एक म्हणावी इतकी खपायची. त्याच अंगात कंपनी मोठ्या गाडीचं इंजिन बसवणार होती. चाकं रुंद, बसका बांधा, मागं दोन नळकांडी. ती टेस्टिंगला बाहेर निघायच्या आधी तिला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी गुंडाळायचं काम माझ्याकडं होतं, म्हणजे नगर रोडवर कुणाला तिचा आकार ओळखू येऊ नये. मी तिला दिवसातून दोनदा झाकायचो आणि दोनदा उघडायचो, पण आत बसायला कधी मिळालं नाही. तरी इंजिन सुरू झालं की माझ्या तळपायाला कळायचं.

बाजारात यायच्या आधीच तिच्या गप्पा गावात पोचल्या होत्या. सुट्टीला गेलो की पारावर मला मधे बसवायचे. किंमत किती असेल आणि पळंल किती, हे दोनच प्रश्न. आमच्या गल्लीतले आप्पा, ज्यांनी आयुष्यात सायकलीपलीकडं काही चालवलं नाही, ते म्हणायचे, "पाच-सात लाख म्हंजी घाटातली एक जोडी. जोडी शेण तरी देती." दुसरा म्हणायचा, "येवडं पळून जायचं कुठं? फुडं केडगावचं रेल्वे फाटक बंदच असतंय." सगळे हसायचे, पण पुढच्या सुट्टीला परत तेच विचारायचे. दादा हसायचा नाही. त्यानं पुण्याहून आणलेल्या मासिकातलं त्या गाडीचं अंदाजानं काढलेलं चित्र जीपच्या काचेला आतून चिकटवलं होतं. जीप दुसऱ्याची होती, चित्र तेवढं त्याचं.

एका दुपारी आमचे फोरमन कदमसाहेब माझ्याजवळ येऊन उभे राहिले. टेपचा रोल मला देत हळूच म्हणाले, "शून्य ते शंभर, साडेनऊ सेकंद. किंमत पाचच्या आत. तुला म्हणून सांगतोय. बाहेर गेलं तर तुझी-माझी दोघांची नोकरी जाईल." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. दीड वर्षात त्या कंपनीत मला कुणी "तुला म्हणून" असं काही दिलं नव्हतं. पोटात ठेवलं. पाच आठवडे ठेवलं.

मग आमची जत्रा आली. गाड्यांच्या बाऱ्या संपल्या, गुलालानं माखलेला दादा मला देवळामागं घेऊन गेला. त्यानं विचारलं, "किती?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही दादा. कंपनीचं आहे."

त्याचा चेहरा उतरला. "संप्या, मला? घाटात तू मला कवा खोटा सेकंद सांगितलाय का?" एवढं बोलून तो देवळात गेला आणि मूठभर भंडारा घेऊन आला. "ह्यो बघ. भंडारा उचलून सांगतो, ह्या कानाचं त्या कानाला व्हनार न्हाई."

आमच्याकडं भंडारा उचलल्यावर पुढं काही बोलायचं नसतं. भावकीत बांधावरनं कुऱ्हाडी निघतात, तिथंसुद्धा एकानं भंडारा उचलला की दुसरा मागं सरतो. मी त्याला सांगितलं. साडेनऊ, आणि पाचच्या आत. त्यानं डोळे मिटले आणि पुटपुटला, "साडेनऊ." जणू ती बारी त्यानंच मारली होती.

तीन आठवड्यांनी पुण्याच्या एका पेपरात ते छापून आलं. विश्वसनीय सूत्रांकडून कळतं की, वगैरे. साडेनऊ सेकंद, पाच लाखांच्या आत.

मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर पेपर होता आणि शेजारी तीन चिठ्ठ्या. एसीत बसलेला माणूस शांतपणे बोलत होता. टेपिंगला आम्ही तिघं ट्रेनी. एकाला साडेदहा सांगितलं होतं, एकाला अकरा, मला साडेनऊ. बातमी कुठून फुटते ते बघायचं होतं. तिन्ही आकडे खोटे होते. कदमसाहेब भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. बैलाला चारा दाखवून दावणीला आणतात तसं मला आणलं होतं. मी कुणाला सांगितलं हे त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं नाही. एवढी अक्कल तरी राहिली होती. दुपारी गेटपास काढून घेतला.

गावात पोचेपर्यंत मी दादाच्या बाजूनं विचार करत होतो. कुणाशी तरी बोलता बोलता निसटलं असेल, जत्रेचं डोकं, होतं असं. घरात शिरलो तर दादा आरशासमोर गळ्यात टाय अडकवत होता. सोलापूर रोडला नवं शोरूम निघालं होतं. तिथला मॅनेजर दादाच्या जीपनं ये-जा करायचा. आतली बातमी असणारा माणूस त्याला हवा होता. दादानं साडेनऊ सेकंद देऊन सेल्समनची नोकरी घेतली होती आणि मॅनेजरनं तेच पुढं पेपरवाल्याला दिलं होतं.

मी स्टॉपवॉच चौकटीवर आपटलं. काच तडकली, पण ते बंद पडलं नाही. म्हणालो, "भंडारा उचलला होतास."

तो टायची गाठ सोडत खाली बसला. "मला वाटलं तुला कुनी धरनार न्हाई. तुम्ही हजार मानसं तिथं." मग म्हणाला, "आयुष्यभर लोकं कोंबायची का म्या जीपमंदी?"

खरं सांगतो, तेव्हा मी त्याला माफ करू शकलो असतो. मी आबांकडं बघितलं. ज्यांनी तो नियम घालून दिला, ते आता काय बोलतात याची वाट बघत होतो. आबा उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होते. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, हे मला त्यांच्या मळण्यावरून कळलं.

"गप बस आता," आबा म्हणाले. "बोभाटा करशील तर त्याचं बी जाईल. एकाचं गेलं, एकाचं लागलं. घराला बराबरच हाय न्हवं?"

आई चुलीपुढून उठली नाही. पाटसच्या मामांना निरोप कुणी दिला ते मला माहीत नाही. त्या मुलीचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं.

दुसऱ्यांदा घर सोडलं तेव्हा मला पोचवायला कुणी नव्हतं. दौंडला गाडी धरली, मधे दोनदा बदलली आणि इंदूरजवळच्या पिथमपूरला आलो. बीडच्या त्या रूम पार्टनरनं ठेकेदाराचा नंबर दिला होता. इथं मला सगळे "संपतभाई" म्हणतात. सकाळी पोहे खातो, पण वर शेव आणि बडीशेप असते. आता ती खटकत नाही. आधी हेल्पर होतो, आता टेस्ट ट्रॅकवर आकडे मीच लिहितो. खिशात तेच तडकलेलं घड्याळ असतं. मशीन असताना ते कशाला, असं पोरं विचारतात. मी म्हणतो, सवय.

ती गाडी पुढं बाजारात आली. खरा आकडा तिन्हींपैकी एकही नव्हता आणि किंमत पाचच्या बरीच वर गेली. दादानं त्या खूप विकल्या म्हणे. मी दिवाळीला जातो, आबांच्या पाया पडतो, दादाच्या पोरीला फ्रॉक नेतो. घरात सगळे नीट बोलतात. मला कुणी तोडलेलं नाही आणि मीही कुणाला तोडलं नाही. पण पूर्वी चौफुल्याला उतरलं की पाय आपोआप भरभर पडायचे. आता उतरून आधी एक चहा घेतो.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. "संप्या, ती नवी छोटी गाडी तुमच्याकडं टेस्टिंगला हाय म्हनं. गिऱ्हाइकं इचारत्यात. किती?"

माझ्यासमोर कागद होता. सकाळीच मी स्वतः लिहिलेला, खरा आकडा, दहाच्या आतला. मी म्हणालो, "अकरा."

"अकरा? मग हिच्यात काय दम न्हाई."

मागून आबांचा आवाज आला, आता फार थकलेला. "खरं सांगतोय का त्यो?"

"आबा," दादा फोन बाजूला न धरताच म्हणाला, "घरच्यास्नी कशाला खोटा सेकंद सांगंल त्यो?"